सत्तर किलो जास्त

कामशेतच्या अलीकडे, जुन्या हायवेला, माधवराव शेठचा वजनकाटा आहे. तिथल्या काचेच्या केबिनमध्ये मी बारा वर्षं बसते. मोकळा ट्रक येतो, लोखंडी फलाटावर उभा राहतो, लाल आकडे स्थिर झाले की मी बटण दाबते आणि पावती निघते. मग तो पलीकडच्या कारखान्यातून पत्र्याची कॉइल भरून येतो. पुन्हा वजन, पुन्हा पावती. ड्रायव्हरने दोन्ही वेळा आत बसायचं, नाहीतर दोन्ही वेळा खाली उतरायचं. एकदा आत, एकदा खाली असं चालत नाही. मालाचं वजन तेवढ्याने खोटं पडतं. काही महाभाग तेही करून बघतात. माझ्या काट्यावर कुणाचं जमलेलं नाही.

माझं नाव एस्तेर रणभिसे. वय छत्तीस, राहणार वलवण, लग्न झालेलं नाही आणि राग नाकावर. शेवटच्या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत, असं आमच्या लोणावळ्याच्या चर्चमधल्या बायका म्हणतात. म्हणू देत. मला आकडे आवडतात, कारण आकडा तोंडावर एक आणि पाठीमागे एक बोलत नाही.

सिलास वाघचौरेची बारा चाकी गाडी मोकळी असली की अकरा हजार दोनशे ऐंशी किलो भरायची. कधी दहा वर, कधी दहा खाली. त्यापलीकडे नाही, कारण तो समोरच्या पंपावर टाकी फुल करूनच काट्यावर चढायचा आणि दोन्ही वेळा आत बसून राहायचा. तीन वर्षांत त्याने मला एकदाही म्हटलं नाही, "मॅडम, जरा बघा ना." बाकीचे ड्रायव्हर देवाच्या शपथा घेऊन मागतात. हा आपल्याच चर्चचा, संगमनेरकडचा ख्रिस्ती माणूस, हे मला नंतर कळलं. एका रविवारी तो शेवटच्या बाकावर बसून इतक्या बेसूर आवाजात गीत गात होता की पुढच्या चार बाकांवरच्या माना वळल्या. त्याला पत्ताच नव्हता. डोळे मिटून तो मनापासून गात होता, आणि मला वाटतं, मी तिथेच गेले.

त्याची खेप संबळपूरची, ओडिशाची. नगर, जालना, अमरावती, नागपूर, रायपूर, संबळपूर. आमच्यात जपमाळ नसते, पण मी ही गावं तशीच ओढायची. आज मंगळवार, आज तो अमरावतीच्या पुढे असेल. प्रभू, त्याला जेवायला धड ढाबा मिळू दे. आज गुरुवार, आज रायपूर. प्रभू, त्याच्या डोळ्यांवर झापड येऊ देऊ नकोस. वीस-बावीस दिवसांनी फलाटावर आकडा लागायचा, अकरा हजार दोनशे ऐंशी, आणि माझा श्वास जागेवर यायचा. पावती देताना मात्र मी कपाळाला आठी घालून "पुढे घ्या, मागे रांग आहे" म्हणायची. मागे बऱ्याचदा कुणीच नसायचं.

ट्रक माझ्या घरातही होता. माझे वडील शांतवन रणभिसे याच संबळपूरच्या खेपेवर असायचे. मी पंधरा वर्षांची असताना ते तिकडेच वारले. छातीत कळ आली आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावून त्यांनी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं, ते ठेवलंच. खिशात बायबलचा छोटा नवा करार होता, म्हणून तिथल्या कुठल्याशा चर्चच्या लोकांनी त्यांना पुरलं. आमच्यापर्यंत बातमी अकराव्या दिवशी आली, तीही दुसऱ्या ड्रायव्हरच्या तोंडून: "संबळपूरच्या आसपास कुठंतरी." त्या "कुठंतरी"वर आईने वीस वर्षं काढली. दोन वर्षांपूर्वी एकाने कबर सापडली म्हणून फोटो आणला; तो निघाला भलत्याच माणसाच्या कबरीचा. आई आठ दिवस नीट जेवली नाही.

ईस्टरच्या पहाटे आमच्याकडे सगळे कबरस्तानात जमतात. आदल्या दिवशी कबरी धुऊन चुना लावलेला असतो. प्रत्येक घर आपापल्या माणसाजवळ उभं राहतं, फुलं वाहतं, मेणबत्त्या लावतं. आमच्याजवळ मेणबत्ती असायची, कबर नसायची. आई कडेच्या भिंतीशी जायची, तिथे एक रिकामी जागा होती, आणि दगडाच्या आडोशाला मेणबत्ती लावायची. मंडळीही भली, त्या जागेला आता "रणभिसेंची भिंत" म्हणतात.

हे मी एका दुपारी सिलासला सांगितलं होतं. कारखान्यात कॉइल भरायला वेळ लागणार होता, सरूबाईने चहा आणला होता, आणि खिडकीच्या पलीकडे तो उभा होता. सरूबाई वडिवळ्याची, काट्याची झाडलोट, चहा आणि आमच्या सगळ्यांची चौकशी तिच्याकडे. सिलासने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "वडिलांच्या गाडीचा नंबर आठवतो?"

"अठ्ठावीस चौसष्ट," मी म्हणाले. नंबर मी विसरत नाही.

"बरं," म्हणाला आणि कप विसळून ठेवून गेला.

गेल्या जानेवारीत, उपासना संपल्यावर, तो चर्चच्या फाटकाशी माझ्यासाठी थांबला. शर्टाला इस्त्री होती. "एस्तेर," तो म्हणाला. तोवर मी त्याच्यासाठी "मॅडम" होते. "मी बेचाळीस वर्षांचा आहे. घर म्हणजे ही गाडी आणि संगमनेरला एक खोली. माझ्याशी लग्न कराल का? आत्ता उत्तर नको. प्रार्थना करा आणि पुढच्या खेपेला सांगा."

तीन आठवडे मी प्रार्थना केली. खरं सांगायचं तर होकार पहिल्याच दिवशी तयार होता. पण छत्तीस वर्षांच्या बाईला आयतं सुख समोर आलं की आधी त्याला उलटं करून बघावंसं वाटतं. म्हणून मी रोज म्हणायची, प्रभू, एक खूण दे. चूक झाली असं नको वाटायला. काहीतरी स्पष्ट खूण दे.

तो आला त्या दिवशी मी मोरपंखी साडी नेसून कामावर गेले होते. सरूबाईने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आज काय काट्यावर वऱ्हाड येनार हाय व्हय?" मी तिला झाडू दाखवला.

दहाच्या सुमाराला गाडी फलाटावर चढली. आकडे धावले, थांबले. अकरा हजार तीनशे पन्नास.

सत्तर किलो जास्त.

मी स्क्रीन शून्यावर आणून गाडी पुन्हा चढवायला लावली. तेवढेच. टाकी नेहमीसारखी फुल. स्टेपनी तीच, दोर तेच, ताडपत्री तीच. दहा-वीस किलो असते तर चिखल म्हटला असता. सत्तर म्हणजे काय, हे काट्यावर बसणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. सत्तर म्हणजे माणूस.

मी केबिनमधून वाकून पाहिलं. त्याच्या सीटमागे झोपायची फळी असते. तिचा पडदा मी कायम उघडा पाहिला होता. आज तो ओढलेला होता, आणि कडेच्या फटीतून जांभळ्या फुलांच्या गोधडीचं एक टोक दिसत होतं. कुणीतरी पाठ करून निजल्यासारखं फुगलेलं.

मी माईकचं बटण दाबलं. "गाडीत अजून कोणी आहे का?"

सिलास दचकला. कानापर्यंत लाल झाला. "कोणी नाही, मॅडम. मी एकटाच."

त्याची गाडी कारखान्यात गेली आणि मी तीन तास त्या आकड्याकडे बघत बसले. संबळपूरच्या खेपेवरच्या ड्रायव्हरांबद्दल बारा वर्षांत जे जे ऐकलं होतं ते सगळं एकेक करून आठवलं. संगमनेरची खोली आठवली. कोण पाहायला गेलं होतं? मालाच्या वजनातही फरक पडणार नव्हता, कारण जे काही आत होतं ते दोन्ही वेळा आतच असणार होतं. म्हणजे तक्रार करायचीही सोय नाही. आणि मग मला वाटलं, हीच ती खूण. मागितली होती ना? मिळाली. इतकी स्पष्ट, की थेट आकड्यांत, आणि तेही लाल.

एक वाजता तो भरून आला. पडदा तसाच. पावती घ्यायला तो खिडकीशी आला. त्याचे डोळे काय विचारत होते हे मला दिसत होतं.

"मी विचार केला," मी म्हणाले. "नको."

मला वाटलं, तो विचारेल, का नको म्हणून. विचारलं असतं तर मी तोंडावर फेकणार होते, शब्द तयार होते. पण तो भांडणाऱ्यातला नाही. "बरं," म्हणाला. "प्रभूची इच्छा." पावतीची घडी घालून त्याने शर्टाच्या खिशात ठेवली आणि गेला.

त्यानंतर त्याची गाडी आली नाही. महिन्याने दुसरा ड्रायव्हर आला, कैलास नावाचा, वेगळीच गाडी घेऊन. मी विचारलं नाही, तरी सरूबाईने विचारलंच. "सिलासभाऊ गुवाहाटीच्या खेपेवर गेलेत," कैलास म्हणाला. "स्वतःहून मागून घेतली. इकडची नको म्हणाले."

"बरं झालं," मी म्हणाले, आणि दुपारी डबा तसाच घरी परत नेला. मी रागावलेली होते, आणि तरी रोज सकाळी हात जोडले की तोंडात गावं यायची. गुवाहाटीची गावं मला पाठ नव्हती. मी मुकाट्याने मोबाईलच्या नकाशात बघून ती पाठ केली. ज्याला आपण नको म्हटलं त्याच्यासाठी सिलिगुडीपर्यंत प्रार्थना करणारी बाई वेडीच म्हणायची.

ईस्टरच्या तीन आठवडे आधी, रविवारी, पाळकसाहेबांनी उपासनेनंतर आईला आणि मला थांबवून घेतलं. त्यांच्या हातात मोबाईल होता. "बाई, बसून घ्या," ते आईला म्हणाले.

फोटोत एका लहानशा चर्चमागचं मोकळं आवार होतं, लाल मातीचं. दोन माणसं एका काळ्या दगडाला दोन्हीकडून धरून उभी होती. दगडावर मराठी अक्षरं होती: शांतवन येशू रणभिसे. ट्रक ड्रायव्हर. राहणार वलवण. आणि खाली गाडीचा नंबर, अठ्ठावीस चौसष्ट.

"तिथल्या चर्चच्या दफनाच्या वहीत नाव अर्धवट होतं," पाळकसाहेब सांगत होते, "पण गाडीचा नंबर पूर्ण लिहिलेला होता. सिलास वर्षभर प्रत्येक खेपेला एकेका चर्चमध्ये जाऊन वही बघत होता. सापडल्यावर त्याने दगड इथेच करून घेतला आणि गाडीतून नेला. मला बजावलं होतं, दगड उभा राहून तिथल्या पाळकांचा फोटो येईपर्यंत बाईंना काही सांगू नका. मागच्यासारखं व्हायला नको."

आईने फोटोवर बोट टेकवलं. वीस वर्षांचं "कुठंतरी" तिच्या बोटाखाली होतं. ती आधी रडली, मग हसली, मग पाळकसाहेबांना म्हणाली, "येशूचा उकार बरोबर दिलाय हो."

मी फोटोचा खालचा भाग बघत होते. दगडाच्या पायथ्याशी, लाल मातीवर, त्याला ओरखडा पडू नये म्हणून अंथरलेली एक गोधडी होती. जांभळ्या फुलांची.

ती मी लगेच ओळखली. तरी माझ्यातली काटेवाली मेली नव्हती. तिला आकडा हवा होता. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता मी कार्ला फाट्यावर उतरले. तिथे पाटे-वरवंटे घडवणारा सखाराम बसतो. दगड त्याच्याकडचाच असणार, दुसरं कोण आहे?

"व्हय, म्याच केला," सखाराम म्हणाला. "दोन फूट लांब, चार इंच जाड. आमी दोघांनी मिळून गाडीत चढवला."

"वजन किती असेल, आबा?"

"सत्तर किलो तरी भरलं आसंल. मी त्याला बोललो बी, ह्ये काट्यावर दिसंल की रं. तिथली बाई लय कडक हाय म्हनत्यात." त्याने छिन्नी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. बहुतेक त्याला अंदाज आला.

"मग तो काय म्हणाला?"

"म्हनला, दिसलं तर ती इचारंल की काय हाय म्हनून. तिला खोटं न्हाई सांगायचो मी."

मी विचारलं होतं. पण काय आहे असं नाही. कोण आहे असं. आणि त्याने खरं उत्तर दिलं होतं. खूण मी मागितली होती, प्रभूने दिलीही होती, सत्तर किलोची, माझ्या बापाच्या नावाची, थेट माझ्या फलाटावर आणून. मीच तिच्यात बाई बघितली. हसावं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी, हे न कळून मी फाट्यावर उभी राहिले.

दुपारी मी त्याला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"बोला, मॅडम."

"दगड बघितला."

"आईंनी बघितला?"

"हो. रडली. मग हसली."

"बरं झालं," तो म्हणाला. मागे इंजिनाचा आवाज होता. "प्रभूची कृपा."

इथे थांबले असते तर शहाणपण होतं. पण खोटं वजन मला सोसत नाही. "त्या दिवशी मी विचारलं होतं, गाडीत कोणी आहे का."

"हो. कोणी नव्हतं."

"मला वाटलं, बाई आहे. म्हणून नको म्हणाले."

मग तो बोलला, आणि आवाज चढवला असता तर बरं, इतका हळू बोलला. "तीन वर्षं मी तुमच्या काट्यावर येतोय. एकदा तरी खोटं वजन मागितलं का?"

"नाही."

"मग?"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला. "पुढे घाट आहे," तो म्हणाला. "ठेवतो."

त्यानंतर मी फोन केला नाही. माफी मागायची ती समोर उभं राहून, हे मला माझ्या आईने शिकवलंय. आणि समोर तो नव्हता. ईस्टरच्या पहाटे आम्ही कबरस्तानात गेलो. आई भिंतीकडे गेली नाही. फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत, पूर्वेकडे तोंड करून तिने मेणबत्ती लावली. "तिकडं हाय न तो," म्हणाली. तिच्या माणसाला आता ठिकाण होतं. मी मात्र प्रत्येक ट्रकच्या हॉर्नला फाटकाकडे बघत होते. तो आला नाही. मी इतकी वाट कधीच कुणाची पाहिली नव्हती, आणि दोष द्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

ईस्टर होऊन सोळा दिवस झाले. सकाळचे साडेदहा. मी मान खाली घालून पावत्यांचा नवा रोल बसवत होते. फलाट कुरकुरला, आकडे धावले, थांबले.

अकरा हजार दोनशे ऐंशी.

मी मान वर केली नाही. वर केली असती तर केबिनमध्येच रडले असते. शेवटी केली. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता. दाढी वाढलेली, वाळलेला. पडदा उघडा होता. गुवाहाटीची खेप सोडून तो माझ्या काट्यावर परत आला होता.

"सरूबाई," मी म्हणाले, "माझ्या खुर्चीत बसा."

"म्या?"

"आकडा थांबला की मोठ्याने वाचा. आणि मग मी विचारते तसं विचारा."

"शेठ बगत्याल ना!"

"बघू देत."

मी केबिनबाहेर आले, गाडीला वळसा घातला आणि डाव्या बाजूचं दार उघडलं. पायरी उंच होती. साडी सावरून, दांडा धरून मी वर चढले आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसले. बारा वर्षांत मी एकाही गाडीत चढले नव्हते. वरून माझी केबिन खुराड्याएवढी दिसत होती.

"मॅडम, उतरा," तो समोरच बघत म्हणाला. "वजन चुकेल."

"चुकू दे. मी माफी मागायला आलेय, सिलास. तुम्ही माझ्या बापाला निजायची जागा शोधून दिली आणि मी तुम्हाला लबाड ठरवलं. माझं चुकलं. तुम्ही निघून गेलात तरी मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करत होते, सिलिगुडीपर्यंत सगळी गावं पाठ केलीत. माफ करायचं नसेल तर सांगा, मी उतरते. करणार असाल तर माझं उत्तर बदलायचंय."

त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. खाली फलाट बारीकसा हलून स्थिर झाला. मी दाराच्या दांड्याला हात घातला.

माईक खरखरला. सरूबाईने तोंड अगदी त्याला लावलं असावं, कारण आवाज समोरच्या पंपापर्यंत गेला.

"अकरा हजार तीनशे चाळीस! साठ किलो जादा हाय! गाडीत आनखी कोन हाय का?"

सिलासने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने खिडकीची काच खाली घेतली.

"आहे," तो म्हणाला.